मॉडेल ट्रान्सफॉर्मेशन बरोबर आहे हे तपासायचं तर स्पेसिफिकेशन कशात लिहावं? एटीएल, ओसीएल, अलॉय, ग्राफ ग्रामर

दर्यापूर_कोडर

कापूस खरेदी आणि जिनिंगच्या सॉफ्टवेअरचं क्लास मॉडेल ईकोअरमध्ये (एक्लिप्सची मॉडेल लिहिण्याची पद्धत) आहे. क्लास साधारण असे: व्यक्ती, खातेदार, सभासद, संचालक, गट, पेरा, काटापावती, गठाण. त्यावरून एटीएल या भाषेने डेटाबेस स्कीमाचं, म्हणजे टेबलांच्या रचनेचं मॉडेल बनतं (हेच मॉडेल ट्रान्सफॉर्मेशन) आणि त्या मॉडेलवरून एसक्यूएल निघतं. मुख्य रूल खाली देतो आहे. मूळ कीवर्ड इंग्रजीत असतात, इथे वाचायला सोपं जावं म्हणून मराठीत लिहिले, आणि पालक नसल्याची तपासणी गाळली.

रूल क्लासवरून_टेबल
घ्या: क : क्लास (क अमूर्त नसेल तर)
बनवा: ट : टेबल
  नाव ← क.नाव
  कॉलम ← क.गुण + क.पालक.गुण + क.पालक.पालक.गुण
  की ← आयडी
आयडी : कॉलम
  नाव ← 'आयडी'

रूल गुणावरून_कॉलम
घ्या: ग : गुण
बनवा: कॉ : कॉलम
  नाव ← ग.नाव

आठ-दहा नमुना मॉडेलांवर आउटपुट ठीक दिसतं. पण "ठीक दिसतं" हे लेखी मांडून मशीनकडून तपासून घ्यायचं आहे. वाचनात क्यूव्हीटी, ओसीएल, अलॉय, ट्रिपल ग्राफ ग्रामर, कॉक अशी बरीच नावं आली. लॅबचे पीसी चार जीबीचे आहेत आणि नेट भरवशाचं नाही. सुरुवात कुठून करावी?

पूर्णाथडी

दर्यापूरभाऊ, या नावांत तीन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. त्या आधी वेगळ्या करा.

एटीएल, क्यूव्हीटी ऑपरेशनल आणि एप्सिलॉनची ईटीएल या ट्रान्सफॉर्मेशन लिहिण्याच्या भाषा. ओसीएल ही अट मांडण्याची भाषा. ती 1990च्या दशकात आयबीएममध्ये तयार झाली आणि 1997 साली यूएमएल (सॉफ्टवेअरची आकृतीभाषा) 1.1 सोबत आली. अलॉय, झेड-थ्री, कॉक ही तपासणीची यंत्रं. कॉकचं नाव आता रॉक झालंय, जुने लेख कॉक नावानेच सापडतील. ट्रिपल ग्राफ ग्रामर आणि क्यूव्हीटी रिलेशन्स मध्ये कुठेतरी बसतात. त्यांत जे लिहिता तेच स्पेसिफिकेशन असतं आणि तेच चालवताही येतं.

तुमच्याकडे एटीएल आहेच, ते बदलू नका. स्पेसिफिकेशन ओसीएलमध्ये वेगळ्या फाइलला लिहा, आणि रूलकडे न बघता लिहा. रूल वाचून त्यावरूनच पोस्टकंडिशन (रूल चालल्यावर खरी असायला हवी ती अट) लिहिली तर रूलमधली चूक जशीच्या तशी तिच्यात उतरते आणि मग सगळं हिरवं दिसतं.

लिहायच्या गोष्टी तीन गटांत येतात.

सोर्सवरच्या अटी: पालकांची साखळी फिरून स्वतःवर येत नाही. एका क्लासमध्ये, त्याच्या पूर्वजांचे धरून, दोन गुणांचं नाव एक नाही. कुठलंही नाव रिकामं नाही.

टार्गेटवरच्या अटी: स्कीमात दोन टेबलांचं नाव एक नाही. प्रत्येक टेबलला नेमकी एक की (ओळ ओळखण्याचा कॉलम). प्रत्येक कॉलम कुठल्या तरी टेबलात आहे.

सोर्स-टार्गेट जोडणाऱ्या अटी: प्रत्येक मूर्त (म्हणजे अमूर्त नसलेल्या) क्लाससाठी नेमकं एक टेबल. त्या क्लासच्या स्वतःच्या आणि सगळ्या पूर्वजांच्या प्रत्येक गुणासाठी त्या टेबलात त्या नावाचा कॉलम. आणि उलटही लिहा: की सोडून प्रत्येक कॉलममागे कुठला तरी गुण आहे. उलटी बाजू बहुतेक लोक विसरतात, आणि मग जास्तीचे कॉलम तपासणीतून निसटतात.

तुमच्या रूलमध्ये "पालक.पालक" दिसतंय. तिसऱ्या गटातली अट "सगळ्या पूर्वजांच्या" म्हणते. तिथे गडबड आहे हे मशीन न चालवताच दिसतं, पण ती मशीनलाच सापडू द्या. यंत्रणा नीट बसली की नाही ते त्यावरून कळेल.

नियमबाह्य

एवढं सगळं काऊन? वीस मॉडेल घ्या, ईयुनिटमध्ये (टेस्ट चालवायचं साधन) टेस्ट लिहा, अपेक्षित आउटपुटशी ताडून पाहा, काम संपलं. गावात बसून थेरम सिद्ध करत रायले तर हंगाम निघून जाईन.

पूर्णाथडी

टेस्ट लिहायच्याच आहेत, त्याला कोणाचा विरोध नाही. पण नमुना मॉडेल माणूस लिहितो आणि माणूस ओळखीचीच लिहितो. व्यापाऱ्याने गाडीच्या वरचा कापूस पाहून भाव करावा आणि ओला माल तळाशी निघावा, तसं होतं. वरच्या रूलमध्ये एक चूक अशी आहे की वीसपैकी वीस टेस्टमध्ये लपू शकते. मेहकर_अलॉय सांगतील, मी उत्तर फोडत नाही.

मेहकर_अलॉय

सांगतो. क्लास तीन घ्या: "व्यक्ती" अमूर्त, तिचे दोन वारस "सभासद" आणि "बिगरसभासद". व्यक्तीत एकच गुण, "नाव". ट्रान्सफॉर्मेशन चालवा. एका टेबलात "नाव" कॉलम येईल, दुसऱ्यात येणार नाही.

कारण असं. एटीएल दोन टप्प्यांत चालतं. पहिल्या टप्प्यात सगळे मॅच्ड रूल (जुळणाऱ्या प्रत्येक घटकाला आपोआप लागणारे) सोर्सवर लावून टार्गेटचे घटक तयार होतात आणि कशावरून काय झालं याचा ट्रेस ठेवला जातो. दुसऱ्या टप्प्यात बाइंडिंग (रूलमधल्या "←"च्या ओळी) भरल्या जातात. म्हणून रूल कुठल्या क्रमाने लिहिले याने फरक पडत नाही. बाइंडिंगच्या उजव्या बाजूला सोर्सचा घटक आला की एटीएल ट्रेस पाहून त्याच्या जागी टार्गेटचा घटक ठेवतं. "नाव" या गुणापासून कॉलम एकच झाला आहे. दोन्ही टेबलांनी तोच मागितला. ईकोअरमध्ये टेबल ते कॉलम हा कंटेनमेंट (मालकीचा) संबंध आहे, आणि कंटेनमेंटमध्ये एका घटकाला मालक एकच. त्यामुळे ज्या टेबलची बाइंडिंग शेवटी भरली, कॉलम त्याच्याकडे गेला. पहिल्याकडून तो गुपचूप काढून घेतला जातो. एरर नाही, वॉर्निंगसुद्धा नाही.

टेस्टच्या मॉडेलमध्ये प्रत्येक पालकाला एकच मूर्त वारस असेल तर हे कधीच दिसणार नाही.

दुरुस्ती: गुणावरून_कॉलम हा मॅच्ड रूल काढून त्याचा लेझी रूल करा आणि क्लासच्या रूलमधून प्रत्येक गुणासाठी तो बोलवा. लेझी रूल प्रत्येक हाकेला नवा घटक बनवतो. युनिक लेझी लावू नका, तो एका सोर्स घटकासाठी एकदाच बनवतो, म्हणजे परत तोच घोळ. मॅच्ड रूल तसाच ठेवून वर लेझी जोडला तर बेवारस कॉलम मॉडेलच्या मुळाशी पडून राहतात. "प्रत्येक कॉलम कुठल्या तरी टेबलात आहे" ही अट ते पकडते.

पूर्वजांसाठी हेल्पर (मदतीचं फंक्शन) लिहा: "सर्वगुण" म्हणजे पालक नसेल तर स्वतःचे गुण, असेल तर स्वतःचे अधिक पालकाचे सर्वगुण. हा हेल्पर पॅरामीटर नसलेला, ॲट्रिब्यूट प्रकारचा ठेवा. त्याचं उत्तर एटीएल साठवून ठेवतं, पुन्हा पुन्हा मोजत नाही.

अजून एक. "क.पालक.गुण" हे पालक नसलेल्या क्लासवर फुटतं. त्यासाठी लोक "पालक अनडिफाइंड नाही आणि पालक.नाव = अमुक" असं एका ओळीत लिहितात. एटीएलच्या नेहमीच्या व्हीएममध्ये (कोड चालवणाऱ्या यंत्रणेत) "आणि"च्या दोन्ही बाजू तपासल्या जातात, पहिली खोटी निघाली म्हणून दुसरी टळत नाही. त्यामुळे इफमध्ये इफ घालून लिहा.

दर्यापूर_कोडर

कळलं. आता हे अलॉयमध्ये नेमकं कसं बसवायचं? एटीएलचा कोड अलॉयला कळत नाही ना.

मेहकर_अलॉय

नाही. ट्रान्सफॉर्मेशनचंच मॉडेल करावं लागतं. ही कल्पना बेझिव्हिन, गोगोला वगैरे मंडळींनी 2006 साली मांडली, आणि ब्युटनर, काबो यांनी 2012 च्या आसपास एटीएलसाठी ती नीट बसवली. पायऱ्या अशा.

सोर्स मेटामॉडेलमधल्या (मॉडेलच्या साच्यातल्या) प्रत्येक क्लासचं एक सिग्नेचर (अलॉयमधला घटकांचा संच) करा: क्लास, गुण. टार्गेटचंही करा: टेबल, कॉलम. इथे पहिला खड्डा. अलॉयमध्ये फील्डपुढे काही लिहिलं नाही तर "नेमका एक" असा अर्थ होतो. ईकोअरमध्ये नवीन रेफरन्सची खालची मर्यादा मुळात शून्य असते. "पालक" फील्डपुढे "लोन" (एक किंवा एकही नाही) लिहायचं राहिलं तर प्रत्येक क्लासला पालक सक्तीचा होतो. त्यात साखळी फिरू नये ही अटही आहे, म्हणजे एकही क्लास शिल्लक राहत नाही.

प्रत्येक रूलसाठी एक ट्रेस सिग्नेचर करा. क्लासच्या रूलचा ट्रेस एक क्लास, एक टेबल आणि एक की-कॉलम धरतो. लेझी रूलचा ट्रेस टेबल, गुण आणि कॉलम धरतो.

मग फॅक्ट (अलॉयने खऱ्या धरून चालायच्या अटी) लिहा. प्रत्येक मूर्त क्लासला नेमका एक ट्रेस. अमूर्त क्लासला एकही नाही. टार्गेटचा प्रत्येक घटक नेमक्या एका ट्रेसमधून आलेला, नाहीतर सॉल्व्हर (अलॉयच्या आतलं उत्तर शोधणारं यंत्र) हवेतून टेबलं आणतो. आणि प्रत्येक बाइंडिंगसाठी एक समीकरण.

सोर्सच्या अटी फॅक्टमध्ये. टार्गेटच्या आणि जोडणाऱ्या अटी प्रत्येकी वेगळ्या असर्टमध्ये (तपासून घ्यायचं विधान), एकेक करून चेक. सगळ्या एकत्र चेक केल्या तर काउंटरएक्झाम्पल (अट मोडणारं उदाहरण) आल्यावर कुठली अट तुटली ते शोधत बसावं लागतं.

आता दुसरा खड्डा, आणि हा खोल आहे. "एका कॉलमला मालक एकच" हे टार्गेट मेटामॉडेलचंच म्हणणं आहे असं समजून लोक ते फॅक्टमध्ये टाकतात. मग तीन क्लासांची ती सभासद-बिगरसभासदची परिस्थिती सॉल्व्हरला अशक्य होते. बाइंडिंगची समीकरणं कॉलम दोघांना द्या म्हणतात, फॅक्ट नाही म्हणतो, म्हणून सॉल्व्हर तसं सोर्स मॉडेलच बाद करतो. चेक पास. एटीएलचं इंजिन मात्र ते मॉडेल बाद करत नाही, कॉलम पळवून मोकळं होतं. जे सिद्ध करायचं ते फॅक्टमध्ये येता कामा नये. टार्गेट मेटामॉडेलच्या मल्टिप्लिसिटी आणि कंटेनमेंट असर्टमध्येच ठेवा, सिग्नेचरमध्ये ढिले "सेट" वापरा.

वर्धाकाठ

मेहकरभाऊ, स्कोपचं (किती घटकांपर्यंत तपासायचं त्या मर्यादेचं) पण सांगा. तिथेच लोक फसतात.

मेहकर_अलॉय

हो. काही न सांगितलं तर अलॉय वरच्या पातळीवरच्या प्रत्येक सिग्नेचरचे जास्तीत जास्त तीन अणू धरतो. सोर्ससाठी तीन ठीक वाटतात. पण 3 क्लास आणि 2 गुण घेतले, साखळी एकच असली, गुण सगळ्यात वर असले, तर 3 टेबलांत प्रत्येकी 2 कॉलम आणि 3 की, म्हणजे 9 कॉलम लागतात. स्कोपमध्ये कॉलम 3च ठेवले तर अशी सगळी मॉडेलं जागेअभावी गळतात आणि चेक पास होतो. टार्गेट आणि ट्रेसचा स्कोप सोर्सवरून हिशेब करून काढायचा. 4 क्लास, 2 गुण घेतले तर कॉलम 12.

दर्यापूरभाऊंच्या मूळ रूलमधली "पालक.पालक"ची चूक क्लासचा स्कोप 3 असताना सापडत नाही, कारण तीन क्लासांत सगळ्यात लांबची साखळी म्हणजे मूल, पालक, आजा. तेवढं रूल करतो. 4 केल्यावर लगेच सापडते: संचालक, सभासद, खातेदार, व्यक्ती. लहान स्कोपमध्ये बहुतेक चुका सापडतात या गृहीतकावर अलॉय उभं आहे आणि ते बरंच खरंही ठरतं, पण रूलमध्ये एखादा आकडा किंवा ठरावीक खोली दडलेली असेल तर स्कोप त्याच्या पलीकडे न्यावाच लागतो.

चेक करण्याआधी रिकामा रन ("अटींत बसणारं मॉडेल दाखव" ही आज्ञा) एकदा मारा. एकही इन्स्टन्स येत नसेल तर फॅक्ट आपसात भांडताहेत, आणि अशा वेळी प्रत्येक चेक पासच होतो. पुढे थोडी नेमकी रन लिहा: "किमान दोन मूर्त भावंडं आणि पालकात एक गुण असलेलं मॉडेल दाखव." तेही येत नसेल तर वर सांगितलेलं फॅक्टचं भांडण आहे.

पूर्णांक शक्यतो टाळा. अलॉयमध्ये पूर्णांकाची रुंदी मुळात 4 बिट, म्हणजे उणे 8 ते 7. काट्याचे किलो त्यात मावत नाहीत.

नियमबाह्य

हे वाचून थोडंसं पटलं. पण मले सांगा, स्कोप 4 ला पास झालं म्हणून 40 क्लासांच्या मॉडेलवर बरोबर हाये हे सिद्ध झालं का?

मेहकर_अलॉय

नाही झालं. 4 पर्यंतच्या प्रत्येक मॉडेलवर बरोबर आहे एवढंच झालं. टेस्टपेक्षा हे पुष्कळ जास्त, सिद्धतेपेक्षा कमी.

पूर्णाथडी

अमर्याद सिद्धता हवी तर रस्ते दोन.

पहिला, रूल आणि अटी पहिल्या दर्जाच्या तर्कशास्त्रात उतरवून झेड-थ्रीसारख्या एसएमटी सॉल्व्हरला देणं. व्हेरिएटीएल हे काम बूगी नावाच्या मधल्या भाषेतून करतं. प्रश्न विचारायची पद्धत तीच: सोर्सच्या अटी, रूलची समीकरणं आणि पोस्टकंडिशनचा नकार हे तिन्ही एकत्र खरे होऊ शकतात का? "अनसॅट" आलं तर पोस्टकंडिशन सगळ्या मॉडेलांवर खरी. "सॅट" आलं तर काउंटरएक्झाम्पल. आणि तिसरं उत्तर "अननोन". क्वांटिफायर ("प्रत्येक", "कुठला तरी") एकात एक गुंतले की ते वारंवार येतं. सीआयच्या (आपोआप चालणाऱ्या तपासणीच्या) स्क्रिप्टमध्ये अननोनला नापासच धरा. स्क्रिप्ट फक्त "सॅट" हा शब्द शोधत असेल तर अननोन पास म्हणून निघून जातं, आणि "अनसॅट"मध्येही "सॅट" असतं हे विसरू नका, पूर्ण ओळ जुळवा.

इथली खरी अडचण पूर्वजांची आहे. "पालकाचा पालकाचा पालक, कितीही वर" हे पहिल्या दर्जाच्या तर्कशास्त्रात मांडताच येत नाही. अलॉयमध्ये ट्रान्झिटिव्ह क्लोजरला (साखळीने कितीही वर जाणाऱ्या संबंधाला) चिन्ह आहे, कारण मॉडेल मर्यादित असतं. एसएमटीमध्ये लोक "पूर्वज" असा वेगळा संबंध घेतात आणि "पालक हा पूर्वज", "पूर्वजाचा पूर्वज हा पूर्वज" ही स्वयंसिद्धं देतात. त्याने संबंध क्लोजरला सामावतो, पण नेमका क्लोजरच राहील याची हमी नाही, जास्तीचे पूर्वज घुसू शकतात. मग खोटी काउंटरएक्झाम्पल येतात. आलेलं काउंटरएक्झाम्पल खऱ्या एटीएलवर चालवून बघितल्याशिवाय रूलला हात लावू नका.

दुसरा रस्ता कॉक-टीएल. ट्रान्सफॉर्मेशन कॉकच्या आतच लिहायचं आणि पूर्वजांवर इंडक्शन लावून सिद्धता स्वतः करायची. हमी पक्की, पण मेटामॉडेलमध्ये एक क्लास वाढला की काही सिद्धता तुटतात आणि त्या दुरुस्त करणारा माणूस हाताशी लागतो. एकाच ट्रान्सफॉर्मेशनवर वर्षानुवर्षं बरंच काही उभं राहणार असेल, उदाहरणार्थ कोड जनरेटर, तरच मी ते सुचवीन. खरेदी केंद्राच्या स्कीमासाठी नाही.

आकड्यांसाठी मात्र झेड-थ्री घ्याच. जुन्या पावत्यांचं मॉडेल क्विंटलमध्ये दोन दशांश आणि नव्यात पूर्ण किलो असेल, तर 1 क्विंटल म्हणजे 100 किलो हा गुणाकार नेमका होतो, काही हरवत नाही. पण "भरलेली गाडी वजा रिकामी गाडी बरोबर निव्वळ" ही अट रूपांतरानंतर टिकते का, हे जुन्यात निव्वळ वजन वेगळं गोलाकार केलं होतं का यावर ठरतं. रेषीय अंकगणित असल्याने झेड-थ्री क्षणात उत्तर देतो. इथे फ्लोट वापरू नका, पूर्णांक किलो वापरा.

वर्धाकाठ

ग्राफच्या बाजूने थोडं. मॉडेल म्हणजे शेवटी ग्राफ, आणि रूल म्हणजे डावा ग्राफ शोधून उजवा ठेवणं. याचं गणित 1973 पासून आहे, एरिग, फेंडर आणि श्नायडर यांच्या डबल पुशआउटपासून. डबल पुशआउटमध्ये नोड (ग्राफमधला बिंदू) काढताना त्याला बाहेरची एखादी एज (जोडणारी रेघ) जोडलेली असेल तर रूल लागतच नाही. सिंगल पुशआउटमध्ये रूल लागतो आणि लटकती एज आपोआप पुसली जाते. हेन्शिन आणि ग्रूव्ह या ग्राफ-रूल चालवणाऱ्या साधनांत जाता-येता हा फरक नडतो. "गट" काढला आणि त्याच्या काटापावत्या राहिल्या, की एका साधनात रूल अडतो आणि दुसऱ्यात पावती-गट संबंध नाहीसा होतो.

तुमचं काम सोर्स वाचून टार्गेट बनवणारं आहे, त्याला हे बहुतेक लागणार नाही. पण त्याच मॉडेलमध्ये बदल करायचा असेल, उदाहरणार्थ वारसांची उतरंड मोडून सपाट करणं, तर दोन प्रश्न उभे राहतात: रूल कधी थांबतात का, आणि कुठल्याही क्रमाने लावले तरी उत्तर एकच येतं का. थांबतात की नाही हे सगळ्या ग्राफ रूलसंचांसाठी ठरवणारी कुठलीच पद्धत असू शकत नाही, प्लम्प यांनी ते दाखवलेलं आहे. म्हणून प्रत्येक संचासाठी घटणारं माप शोधा: सपाट करताना "पालक" एजांची संख्या प्रत्येक रूलला एकने कमी होते, संपलं. रूल गुण खाली ढकलतो पण पालक एज काढत नाही, असं असेल तर तो तोच गुण पुन्हा पुन्हा ढकलेल. तिथे "खाली या नावाचा गुण आधीच नसेल तर" अशी नकारात्मक अट लावावी लागते.

दुसऱ्या प्रश्नासाठी क्रिटिकल पेअर ॲनालिसिस. हेन्शिन दोन रूल एकमेकांच्या पायात कुठे येतात त्या सगळ्यात लहान जोड्या काढून देतं. यादी लांब येते, आणि प्रत्येक जोडी म्हणजे चूक असं नाही. जोडी पुढे एकत्र येते का ते बघायचं. आधी "काढणे विरुद्ध वापरणे" एवढीच संघर्षजोडी बघा, बाकी मागून.

दर्यापूर_कोडर

अजून एक अडचण आहे. कधीकधी डेटाबेसवाले थेट स्कीमात कॉलम घालतात आणि ते परत क्लास मॉडेलमध्ये यायला हवं. एटीएल एकाच दिशेने जातं.

वर्धाकाठ

मग ट्रिपल ग्राफ ग्रामर बघा. शुर यांनी 1994 मध्ये मांडलं. प्रत्येक रूलमध्ये तीन तुकडे: सोर्स, टार्गेट आणि मधला जोड-ग्राफ. एकाच रूलवरून पुढे जाणारा, मागे येणारा आणि दोन्ही जुळतात का ते तपासणारा असे तीन निघतात. ई-मोफ्लॉन हे साधन त्यावर चालतं. रूल फक्त भर घालणारे असतात.

क्यूव्हीटी रिलेशन्सचं वचनही दोन्ही दिशांचंच होतं. ओएमजीने (यूएमएलचं मानक ठरवणारी संस्था) 2002 मध्ये प्रस्ताव मागवले, 1.0 आवृत्ती 2008 मध्ये आली. पण रिलेशन्सच्या "व्हेन" आणि "व्हेअर"चा अर्थ मानकात संदिग्ध राहिला आणि साधनं एकमेकांशी जुळली नाहीत. एक्लिप्सवर नीट टिकलेलं आहे ते ऑपरेशनल, आणि ते पुन्हा एकाच दिशेचं. आज नव्याने रिलेशन्समध्ये उतरू नका, असं माझं मत.

दोन दिशा घेतल्या तर दोन अटी तपासायच्या. काहीच बदललं नसेल तर परत आणताना क्लास मॉडेलला हात लागता कामा नये. आणि परत आणून पुन्हा पुढे नेलं तर डेटाबेसवाल्यांनी केलेला बदल तसाच दिसला पाहिजे. तुमच्या रूलमध्ये पहिली अट लगेच तुटणार: अमूर्त क्लास स्कीमात उरतच नाहीत, "व्यक्ती"चा "नाव" कॉलम दोन टेबलांत आहे, तो परत नेताना व्यक्तीत एकदा ठेवायचा की दोन वारसांत वेगळा? जुनं क्लास मॉडेल हाताशी ठेवूनच हे ठरवता येतं, नुसत्या स्कीमावरून नाही. आणि डेटाबेसवाल्यांनी फक्त "सभासद" टेबलात कॉलम वाढवला तर तो सभासदात जावा, व्यक्तीत नाही, हेही आधी लिहून ठेवा. ही धोरणं आहेत, ग्रामर ती स्वतः निवडत नाही.

पूर्णाथडी

टेबलच्या नावाबद्दल राहिलं. "नाव ← क.नाव" यात कापूस पॅकेजमधली "पावती" आणि संत्रा पॅकेजमधली "पावती" एकाच नावाची दोन टेबलं देतात. अलॉय हे 2 पॅकेज आणि 2 क्लासांत दाखवतो. लोक मग पॅकेजचं नाव आणि क्लासचं नाव मध्ये अंडरस्कोर घालून जोडतात आणि चेक पास होतो, कारण अलॉयमध्ये अक्षरं जोडता येत नाहीत म्हणून "वेगळ्या जोडीचं वेगळं नाव" असं गृहीत धरलेलं असतं. ते गृहीतकच खोटं आहे: "कापूस_काटा" पॅकेजमधला "पावती" आणि "कापूस" पॅकेजमधला "काटा_पावती" दोघांचं टेबल "कापूस_काटा_पावती". एकतर मॉडेलमधल्या नावांत अंडरस्कोरला बंदी ही सोर्सची अट करा, नाहीतर नावात येऊच शकत नाही असं चिन्ह जोडायला घ्या.

नियमबाह्य

आन मराठी नावं ठेवली त अजून एक भानगड हाये. "शेतकऱ्याचे_नाव" हा गुण तीन प्रकारे टाइप होते. कोणी "ऱ" हे स्वतंत्र अक्षर वापरते, कोणी "र" खाली नुक्ता देते, जुने कीबोर्ड "र"नंतर हलंत आन न दिसणारा जोडक टाकतात. स्क्रीनवर सारखंच दिसते, ओसीएलची बरोबरी मात्र वेगळं म्हणते. "एका क्लासात दोन गुणांचं नाव एक नाही" ही अट पास होते आन टेबलात डोळ्याले एकसारखे दोन कॉलम येतात. युनिकोड नॉर्मलायझेशनचा एनएफसी प्रकार लावला त पहिले दोन एक होतात, जोडकवाला तिसरा होत नाही. तो स्वतः बदलून घ्या लागते. ट्रान्सफॉर्मेशनच्या आधी, मॉडेल वाचतानाच.

मेहकर_अलॉय

हे ध्यानात नव्हतं कोणाच्या. सोर्सच्या अटींत "सगळी नावं नॉर्मलाइज्ड" हीही एक ओळ टाका भाऊ, आणि ती ओसीएलमध्ये न लिहिता मॉडेल लोड करणाऱ्या जावा कोडमध्ये तपासा.

चार जीबीच्या पीसीबद्दल: अलॉय एकाच जार फाइलमध्ये येतं, पेन ड्राइव्हवरून टाका, नेट लागत नाही. सॉल्व्हर सॅट-फोर-जे निवडा. तो शुद्ध जावा आहे म्हणून कुठेही चालतो. मिनीसॅट वेगवान, पण तो नेटिव्ह आहे, प्रत्येक मशीनवर चालेलच असं नाही. एक्लिप्स आणि एटीएल एका चांगल्या नेटच्या ठिकाणी एकदा बसवून पूर्ण फोल्डरच झिप करून लॅबभर वाटा. अपडेट साइटवरून प्रत्येक पीसीवर ओढायला बसलात तर अर्ध्यात लाइन जाईल आणि अर्धवट प्लगइन शिल्लक राहतील, ते निस्तरण्यापेक्षा नवं टाकणं सोपं. अलॉय जड वाटलं तर ब्रेमेन विद्यापीठाचं यूएसई हे साधन घ्या. त्यात ओसीएल थेट लिहिता येतं, वरच्या अटी शब्दशः बसतात.

दर्यापूर_कोडर

लेझी रूल आणि सर्वगुण हेल्पर घातल्यावर स्कोप क्लास 4, गुण 2, टेबल 4, कॉलम 12 ठेवतो. ट्रेसचे स्कोप किती?

मेहकर_अलॉय

क्लासच्या रूलचे ट्रेस 4. लेझी ट्रेस म्हणजे की सोडून उरलेले कॉलम, 8. पॅकेज घेतलेत तर 2. आणि चेक मारण्याआधी "4 क्लासांची एक सरळ साखळी, चारही मूर्त, दोन्ही गुण सगळ्यात वरच्या क्लासात" असा रन मारा. त्याला बरोबर 12 कॉलम आणि 8 लेझी ट्रेस लागतात, तो आला म्हणजे जागा पुरते. नाही आला तर चेकच्या निकालावर विसंबू नका.